सराफ्याजवळची ठंडाई: चवीला पाच स्टार, भांगेच्या मापाला शून्य

दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. पुढे तक्रारीपण आहेत, मालक माणूस म्हणून चांगला आहे, आणि इंदूरच्या राजवाडा-सराफा भागात असलं दुकान काही एकच नाही, त्यामुळे जे लिहितेय ते थोड्याफार फरकानं सगळ्यांनाच लागू पडेल. सरकारी ठेका आहे, चोरीछुपे काही नाही, भिंतीवर आबकारीच्या, म्हणजे उत्पादन शुल्क खात्याच्या, लायसन्सचा कागद फ्रेम करून लावलाय, शेजारी महाकालचा फोटो आणि त्याला रोज ताजा हार. साधी ठंडाई पण मिळते, भांगवाली पण. मी दोन्हीबद्दल लिहिणार आहे पण दुसरीबद्दल जास्त, कारण माझं स्वतःचं मेडिकल आहे रामबागेच्या बाजूला, आणि होळी ते रंगपंचमी या दिवसांत लोक डॉक्टरकडे जायच्या आधी माझ्या काउंटरवर येऊन उभे राहतात, मॅडम याला चढलीये काहीतरी उतारा द्या. उतारा नसतो. ते सांगतेच पुढे.

आधी चांगलं सांगते, कारण चांगलं खरंच चांगलं आहे. ठंडाईचं वाटण अजून सिलबट्ट्यावर होतं, मिक्सर ठेवलाय कोपऱ्यात पण तो गर्दीच्या दिवसासाठी. संध्याकाळी जरा लवकर गेलात तर समोरच दिसतं सगळं, रात्रभर भिजवलेले बदाम एक पोरगा बसून सोलत असतो, पलीकडे मगज, खसखस, बडीशेप, मिरे, वेलची, सुकलेल्या गुलाबपाकळ्या, आणि मालकाचे मोठे भाऊ, सत्तरीचे असतील, ते पाट्यावर पाण्याचा एकेक शिपका देत देत वाटतात, घाई नाही, मोबाइल नाही. मग ते वाटण मलमलच्या फडक्यातून दुधात गाळायचं, फडकं पिळायचं, चोथा परत पाट्यावर, परत गाळायचं. म्हणूनच घोटाला खवखव लागत नाही आणि शेवटी घशात मिऱ्याची जी धार येते ती बाटलीतल्या सरबताच्या ठंडाईला बापजन्मात येणार नाही. केशराचे दोन धागे वर टाकतात ते दाखवायचे असतात, त्यानं काही होत नाही, पण असू दे.

साखर मात्र बेसुमार. इंदूर आहे, पोह्यावरसुद्धा जिलेबी खाणारं गाव, त्यामुळे कुणी तक्रार करत नाही, पण साखर दुधातच आधी घातलेली असते, "कमी गोड द्या" म्हटलं तर तो मान डोलवतो आणि तीच देतो. शुगरवाल्यांनी हे लक्षात घ्या. आमच्याकडे लोक भांगेला घाबरतात आणि त्या ग्लासातल्या साखरेकडे बघतही नाहीत, मेटफॉर्मिन घेणारे काका दोन ग्लास रिचवून येतात आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे शुगरची स्ट्रिप मागतात.

आता भांग. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, विशेषतः पुण्या-मुंबईकडून येणाऱ्या पाहुण्यांसाठी, कारण त्यांचे डोळे बोर्ड बघूनच मोठे होतात: भांग, गांजा आणि चरस एकाच झाडाचे. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, चरस म्हणजे त्याची राळ, आणि नुसती पानं किंवा बिया, सोबत शेंडे नसतील तर, त्या व्याख्येत येत नाहीत. भांग पानांची, म्हणून ती या कायद्यातून सुटते आणि राज्याच्या आबकारीकडे जाते. मध्य प्रदेशात भांग, भांगघोटा, भांगेची मिठाई यांचे ठेके असतात. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यात भांगही धरलेली आहे, तिकडे असं फुटपाथवर उभं राहून प्यायचं म्हणजे नाही चालत. मग पाहुण्यांना वाटतं की इंदुरात खुली आहे म्हणजे लिंबूसरबतासारखीच काहीतरी असणार. कायद्यानं पान आणि फूल वेगळं केलं, पण नशा करणारं द्रव्य दोन्हीकडे तेच आहे, टीएचसी. पानात कमी, फुलात जास्त, एवढाच काय तो फरक, आणि पान किती घातलं यावर तोही फरक पुसला जातो.

घोटा तयार कसा होतो तेपण बघितलं. पानं पाण्यात कितीतरी वेळा धुतात, हिरवं काळपट पाणी निघून जाईपर्यंत, मग उकडतात, मग मिऱ्यांसोबत पाट्यावर इतकी बारीक की बोटाला कणी लागत नाही. त्याचा हिरवागार गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात. तुम्ही ग्लास मागितला की म्हातारेबुवा त्या गोळ्यातून बोटानं चिमटा काढतात, तळहातावर गोळी वळतात आणि दुधात घोळतात. विचारतात काय तर, "हल्की, मीडियम, के कड़क?" संपलं. हल्की म्हणजे चण्याएवढी, मीडियम म्हणजे बोराच्या बीएवढी, कडक म्हणजे जशी निघेल तशी, आणि सकाळचा गोळा आणि रात्री अकराचा गोळा यात पाणी सुकलं की जोर तोच राहतो पण आकार लहान होतो, म्हणजे रात्रीची "हल्की" सकाळच्या मीडियमएवढीपण असू शकते. त्यात यंदाचं पान कुठून आलं, किती जून होतं, किती उन्हात वाळलं, यावर सगळं बदलतं. मी पॅरासिटामॉलची गोळी देते तेव्हा पाचशे म्हणजे पाचशे असते. इथे सरकारचा शिक्का आहे, फी भरलेली आहे, आणि ग्लासात किती मिलिग्रॅम गेलं हे देणाऱ्याला माहीत नाही, घेणाऱ्याला माहीत नाही. माझी या दुकानाबद्दलची मुख्य तक्रार हीच आहे, बाकी सगळं लहानसहान.

आणि त्याहून मोठी गोष्ट जी काउंटरवर कुणीच सांगत नाही, ती म्हणजे वेळ. ओढलेला गांजा फुप्फुसातून रक्तात जातो, दोन-चार मिनिटांत कळतं काय होतंय ते, माणूस हात आखडता घेऊ शकतो. प्यायलेली भांग पोटातून, आतड्यातून, लिव्हरमधून जाते, अर्धा तास ते दोन तास लागतात चढायला, पोट भरलेलं असेल तर अजून उशीर. आणि लिव्हर टीएचसीचं जे करतं, इलेव्हन-हायड्रॉक्सी-टीएचसी म्हणतात त्याला, ते मेंदूत आणखी सहज शिरतं, म्हणून भांगेची नशा ओढलेल्या गांजापेक्षा उशिरा येते पण येते तेव्हा जड असते आणि सहा-आठ तास, कधी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रेंगाळते. टीएचसी पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं, म्हणून आपले पूर्वज भांग दुधातच का पीत होते हे वेगळं सांगायला नको. सायीच्या दुधातली अजून चांगली लागते. लागते म्हणजे दोन्ही अर्थांनी.

यंदा गेर, म्हणजे रंगपंचमीची रंग उडवत निघणारी मिरवणूक, बघायला माझ्या बहिणीचा मुलगा पुण्याहून आला होता, सोबत त्याचा एक मित्र. रंगपंचमीच्या आदल्या संध्याकाळी मी दोघांना सराफ्यात घेऊन निघाले, आणि ते माझ्या पुढं जाऊन या दुकानात शिरले. भाच्यानं मीडियम घेतली. मित्र मर्चंट नेव्हीत, त्यानं साधी घेतली, म्हणाला आमची कधीही ड्रग टेस्ट होते, त्या टेस्टला भांग सरकारी ठेक्यावरची होती का हे कळत नाही. बरोबर बोलला पोरगा, लघवीच्या टेस्टमध्ये टीएचसीचाच तुकडा शोधतात आणि ते चरबीत साठतं, एकदा घेणाऱ्याचं काही दिवस दिसतं, रोज घेणाऱ्याचं महिनाभर आणि त्याच्याही पुढे.

मी पोचले तोवर भाचा ग्लास संपवून मिशा पुसत होता. बरं. आम्ही सराफ्यात शिरलो, सोन्याची दुकानं बंद होऊन खाण्याचे ठेले लागायची वेळ, भुट्ट्याचा कीस खाल्ला, दहीवडा खाल्ला, पाऊण तास झाला आणि तो म्हणायला लागला, "मावशी, काहीच होत नाहीये, फसवलं तुमच्या इंदूरवाल्यांनी." मी जलेबाच्या लाइनीत उभी असताना हा परत गेला आणि अजून एक मारून आला. दुकानात कुणी विचारलं नाही की भिया तू आत्ताच येऊन गेलास ना. उलट त्यानं "कुछ हुआ नहीं" म्हटल्यावर दुसरी जरा मोठीच दिली, आपल्याकडून कमी पडली असं वाटून.

पुढचं सांगायला नको पण सांगते, कारण प्रत्येकाचं साधारण असंच होतं. आधी हसू, दहीवड्याच्या द्रोणाकडे बघून पाच मिनिटं हसला. मग गप्प. मग तोंडाला कोरड, इतकी की जीभ टाळूला चिकटली म्हणाला, डोळे लाल. मग माझा हात धरला आणि "मावशी माझं हृदय थांबतंय" म्हणायला लागला, थांबत नव्हतं, धावत होतं, मी मनगट धरून घड्याळ लावलं तर १३० च्या पुढे. एकच वाक्य तीनतीनदा, आपण इथं किती दिवसांपासून उभे आहोत, आणि उभा राहिला की डोळ्यापुढे अंधारी. भोवती सल्ले सुरू, लिंबू चाटवा, तूप पाजा, तुरीच्या डाळीचं पाणी द्या, एकानं लोणच्याची फोड आणून त्याच्या तोंडात घातलीच. यातल्या कशानंही रक्तातलं टीएचसी बाहेर पडत नाही, आणि अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात काही कोंबलं तर ते श्वासनलिकेत जायची भीती, त्यामुळे प्लीज नका करू हे.

आम्ही त्याला जवळच्या एका खाजगी हॉस्पिटलात नेलं. रिसेप्शनवरच्या मुलीनं तोंड वाकडं केलं, रंगपंचमीचे आले म्हणाली, पण ड्यूटी डॉक्टर शहाणा होता. ईसीजी काढला, शुगर बघितली, बीपी बघितलं, सोबत दारू घेतलीये का, कुठली गोळी चालू आहे का एवढंच विचारलं आणि दिवा मंद करून आडवा केला. भाच्याला खुर्ची ओढून सांगितलं की तू मरत नाहीयेस, हे औषधानं उतरत नाही, वेळानं उतरतं, माणूस फार बेचैन झाला तरच झोपेचं हलकं इंजेक्शन देतो. खरंय, भांगेवर अँटीडोट म्हणून काही नाही. शांत खोली, ओळखीचा माणूस, घोटघोट पाणी, कुशीवर झोपवणं, बस. छातीत दुखत असेल, श्वासाला त्रास, झटके, उठवूनही उठत नसेल, किंवा लहान मुलानं चुकून खाल्लं असेल, तर मात्र घरी बसून लिंबू चाटत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल. पहाटे चारला भाचा झोपला आणि गेर निघाली, राजवाड्यावर टँकर आले, रंगाच्या तोफा सुटल्या, हा दुपारी दोनला उठला. पुण्याहून ज्यासाठी आला तेच बघितलं नाही.

मालकाला मी नंतर जाऊन भेटले, भांडायला नाही, बोलायला. तो म्हणाला, दीदी, पीढियों से चल रहा है, जड़ी-बूटी है, किसी को कुछ नहीं होता. तिथंच बसलेले एक काका मदतीला आले की इंग्रजांनीपण कमिशन बसवलं होतं आणि भांगेत काही वाईट नाही असा निकाल दिला. काकांचं अर्धं बरोबर. इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन, १८९३-९४, सात खंडांचा रिपोर्ट, आणि थोड्या प्रमाणात घेणाऱ्याचं फारसं नुकसान होत नाही असं त्यात खरंच म्हटलंय. पण जास्त घेतली तर नुकसान होतं हेही त्याच कमिशननं म्हटलंय, ते काका सांगत नाहीत. आणि त्या काळात रक्त पातळ करायच्या गोळ्या नव्हत्या, झोपेसाठी घेतात ते ॲल्प्राझोलाम नव्हतं, बायपास नव्हती, ॲक्टिव्हा नव्हती.

माझ्या काउंटरवरून मला जे दिसतं ते हेच आहे. भांग पिणारा म्हणजे कॉलेजचा पोरगाच नसतो, साठीचे काका वर्षातून एकदा शंकराचा प्रसाद म्हणून घेतात आणि त्यांची हृदयाची गोळी चालू असते. टीएचसीनं ठोके वाढतात, मिनिटाला वीस ते पन्नासपर्यंत, उभं राहिलं की बीपी पडू शकतं. २००१ मध्ये सर्क्युलेशन या जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासात गांजा ओढल्यानंतरच्या पहिल्या तासात हार्ट अटॅकचा धोका साधारण पाचपट निघाला होता, तो ओढण्याबद्दल आहे, पिण्याबद्दल नाही, पण ज्याला स्टेंट बसलाय त्यानं त्या फरकावर जुगार खेळू नये असं मला वाटतं. वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ करायची गोळी, घेणाऱ्यांचं रक्त आणखी पातळ होऊ शकतं. झोपेची गोळी किंवा दारू सोबत असेल तर गुंगी दुप्पट. गरोदर बायकांनी तर नाहीच, बाळाचं वजन कमी भरतं असं दिसलंय. आणि ज्यांच्या घरात स्किझोफ्रेनिया आहे किंवा कुणाला एकदा तसा झटका येऊन गेलाय त्यांनी या गल्लीत फिरूच नये. स्वीडनच्या लष्करात भरती झालेल्या पंचेचाळीस हजारांवर तरुणांचा अभ्यास १९८७ मध्ये लॅन्सेट या जर्नलमध्ये आला होता, ज्यांनी पन्नासहून जास्त वेळा गांजा घेतला होता त्यांच्यात पुढे स्किझोफ्रेनिया सहापट दिसला. प्रत्येकाला होतो असं नाही, बहुतेकांना होतच नाही, पण कुणाला होणार हे कपाळावर लिहिलेलं नसतं.

"जड़ी-बूटी" वरून आठवलं. पानाच्या टपरीवर ते मुनक्क्याच्या नावाचे पुडे मिळतात ना, आयुर्वेदिक, पोट साफ होतं म्हणून खातात, त्यातल्या बऱ्याच पुड्यांत भांग असते आणि पुड्यावर बारीक अक्षरात लिहिलेलीही असते, वाचतं कोण. रिक्षावाले, हम्माल, आता कोचिंगची पोरंपण. भंवरकुआं साइडला तर चहासोबत घेतात. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयानं एम्सकडून करून घेतलेल्या आणि २०१९ मध्ये आलेल्या सर्व्हेत, देशात १० ते ७५ वयातले २.८ टक्के लोक, म्हणजे ३.१ कोटी, वर्षभरात भांग, गांजा, चरस यातलं काही ना काही घेतलेले होते, त्यातले २.२ कोटी भांगवाले आणि १.३ कोटी गांजा-चरसवाले, काहीजण दोन्हीकडे. म्हणजे आपल्याकडे भांगच जास्त चालते आणि तिच्याबद्दलच सगळ्यात कमी बोललं जातं.

कोचिंगच्या पोरांची मला जास्त काळजी वाटते ती यासाठी की मेंदूची जडणघडण साधारण पंचविशीपर्यंत चालते. अभ्यास, लक्ष, आठवण, सगळ्याचं काम तेव्हाच चाललेलं असतं. घेणाऱ्यांपैकी साधारण दहातल्या एकाला सवय लागते म्हणतात, पण सतरा-अठराच्या आत सुरू केलं तर सहातल्या एकाला. लोक म्हणतात गांजाचं व्यसन लागत नाही. लागतं. सोडला की झोप उडते, चिडचिड होते, भूक मरते, आठवडा-दोन आठवडे.

एक गिऱ्हाईक होता माझ्याकडे, पंचविशीचा, नोकरीवाला, सारखा ऑनडेन्सेट्रॉन घ्यायला यायचा, उलट्यांची गोळी. ॲसिडिटी समजून पॅन्टोप्राझोल, मग एंडोस्कोपी, मग सोनोग्राफी, सगळं नॉर्मल. एकदा त्याची बायको आली आणि वैतागून बोलून गेली की हा दिवसातून चारचारदा गरम पाण्यानं अंघोळ करतो, गीझर बंदच होत नाही, अंघोळीखाली उभा राहिला की तेवढा वेळ उलटी थांबते. मी तिला हळूच विचारलं, ओढतो का काही. रोज. वर्षानुवर्षं. याला कॅनाबिनॉइड हायपरएमेसिस म्हणतात, २००४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडजवळच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा नीट लिहून काढलं, आणि गरम पाण्यानं बरं वाटणं हीच त्याची खूण. औषध एकच, पूर्ण बंद. ज्या गांजानं केमोथेरपीतली उलटी थांबते म्हणतात त्याच गांजानं रोजच्या माणसाला उलट्या लागतात, शरीर असं आहे. मी डॉक्टरकडे चिठ्ठी दिली, खरं काय ते सांग म्हटलं. सोडला त्यानं, मधे परत सुरू केला, परत गीझर सुरू. सोडायचं असेल तर १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे, फुकट आहे, आणि मन फारच बिथरलं असेल तर टेलिमानस १४४१६. हे दोन नंबर मी बिलाच्या मागे लिहून देते, लोक आधी बिल बघतात मग मला बघतात.

दुसरी बाजूपण लिहिते नाहीतर म्हणाल मॅडम उपदेश करायला बसल्या. त्याच दुकानाच्या बाकावर एक आजोबा रोज संध्याकाळी येतात, मालक त्यांना न विचारता चण्याएवढी गोळी देतो, ते पाण्यासोबत गिळतात, तासभर बसतात, राजकारणावर बोलतात आणि घरी जाऊन जेवून झोपतात. तब्येत खुटखुटीत. असे लोक आहेत आणि पुष्कळ आहेत. त्यांचा गोळीचा आकार वर्षानुवर्षं तोच आहे, दुकान तेच आहे, वळणारा हात तोच आहे, आणि ते दुसरी मागत नाहीत. पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्याकडे यातलं काहीच नसतं. दुकानदारानं आजोबांवरून सगळ्यांचा हिशोब करू नये एवढंच माझं म्हणणं.

आता बाकीचं पटापट. स्वच्छता ठीक, कुल्हड वापरून फेकतात, ग्लास मागितला तर तो मात्र एकाच बादलीत बुचकळलेला मिळतो, कुल्हडच घ्या. वय कुणी विचारत नाही, मिसरूड न फुटलेली पोरं उभी असतात. आणि सगळ्यात वाईट, जे बघून मी तिथल्या तिथे ओरडले: साधी ठंडाई आणि भांगवाली एकाच जगमधून. आधी भांगवाल्याचा ग्लास घोळला, तोच जग नळाखाली नुसता हिंदकळवला, आणि त्यातच शेजारच्या बाईच्या सात-आठ वर्षांच्या मुलीची साधी ठंडाई. तळाला हिरवा गाळ मला दिसत होता. एवढ्याशा पोराच्या पोटात प्रौढाची "हल्की"पण फार होते, मुलं तासन् तास गुंगीत जातात, श्वास मंदावतो, आणि आईबापांना कळत नाही झालं काय. मालकाला हे मात्र लगेच पटलं, कडक-मीडियमवर वाद घालणारा माणूस यावर गप्प झाला. आता साध्या ठंडाईचा जग वेगळा आहे, त्याच्या कडीला लाल नाडा बांधलाय. पण पोरगा नवीन असला की विसरतो, तुम्ही लहान मुलांना घेऊन गेलात तर नाडा बघूनच घ्या, किंवा सरळ म्हणा की समोर धुऊन द्या.

बोर्ड लावायचंपण बोलले. पहिल्यांदा घेत असाल तर हल्कीच घ्या, दोन-तीन तास दुसरी मागू नका, दारूसोबत नाही, गाडी रात्रभर चालवू नका, बीपी-हार्ट-साखरेची गोळी असेल, पोटुशी असाल तर घेऊ नका, अठराच्या खाली मिळणार नाही. मी हिंदीत लिहून लॅमिनेट करून दिलं, खर्च माझा. मालकानं लावलं, पण कुठं, तर रेटलिस्टच्या खाली, काउंटरच्या आतल्या बाजूला, म्हणजे वाचणार तो फक्त पाटा वाटणारा. बाहेर लावा म्हटलं तर म्हणाला धंदा बसेल. "दुसरी मागितली तर दोन तासांनी या" एवढं पोरांना शिकवीन म्हणालाय, बघू.

साधी ठंडाई साठ, भांगवाली ऐंशी, कडकला दहा वर. पार्सल बाटलीत देतात, साधी फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत टिकते, बर्फ घातलेली घेऊ नका, पाणचट होते. संध्याकाळी सात-साडेसातच्या आत गेलात तर म्हातारेबुवा स्वतः वाटत असतात आणि गर्दी नसते, नऊनंतर मिक्सरचं मिळतं आणि चवीत फरक कळतो. गाडी राजवाड्याच्या पार्किंगला लावून चालत जा, गल्लीत ॲक्टिव्हासुद्धा फिरत नाही. रंगपंचमीला जाऊ नका, त्या दिवशी दूधपण पातळ असतं. साध्या ठंडाईला माझ्याकडून पाच, भांगवालीला बोर्ड बाहेर येईपर्यंत दीड.